मधल्या जिन्यावरची दुपार

धाकटी जिन्यात अडकली तेव्हा पहिल्या मजल्यावर ताटं मांडून झाली होती आणि सासूबाई एकेकाला हाका मारत होत्या.

अडकली म्हणजे कुठे दार लागलं किंवा पाय घसरला असं काही झालं नव्हतं. डावा पाय वरच्या पायरीवर होता, उजवा खालच्या, दोन्ही हात कठड्यावर, आणि यातलं काहीच आता हलवता येईना. डावा पाय उचलायचा म्हणजे क्षणभर सगळा भार उजव्यावर टाकायचा, आणि तो क्षणच तिला नको होता. ओटीपोटाच्या खाली, अगदी समोर, जिथे दोन हाडं एकमेकांना भेटतात तिथे, कुणीतरी पाचर ठोकून ती उकलतंय असं वाटत होतं. तिथून कळ जांघेत उतरायची, मागे माकडहाडाच्या बाजूला जायची आणि वळसा घालून परत पुढे यायची. खांद्यावर मखमलीचा नमुना होता, गडद जांभळा. तो घसरून पायाशी पडला. वाकून उचलायचं तिच्या मनातही आलं नाही.

या घरात सगळं जिन्यावरून चालायचं. तळमजल्यावर पडद्यांचा कारखाना, त्याच्यामागे सासऱ्यांच्या बहिणीची, आत्याची खोली. पहिल्या मजल्यावर सासू-सासरे, दुसऱ्यावर थोरला दीर आणि जाऊ, आणि सगळ्यात वर, छपराखाली, धाकटी आणि तिचा नवरा. गावात त्यांना सगळे पडदेवालेच म्हणत. नाट्यगृहं, सभागृहं, शाळांचे रंगमंच, जिथे म्हणून मोठा पडदा वर जातो किंवा बाजूला सरतो, तिथला पडदा बहुधा याच घरातून गेलेला असायचा. लग्न होऊन आली तेव्हा धाकटीला वरच्या खिडकीतून दिसणारी छपरं आवडली होती. जिना ती मधल्या पायऱ्या गाळत उतरायची आणि सासूबाई दारात येऊन म्हणायच्या, हळू, घर पडेल.

आता सातवा महिना लागला होता, आणि तोच जिना उतरायला ती सकाळपासून मनाची तयारी करत असे.

दुखणं सुरू झालं ते पाचव्या महिन्यात. पहाटे कुशीवर वळताना खाली कुठेतरी कट्‌ असं वाजलं आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या दिवसापासून ती आपल्या अंगाशी तडजोडी करत आली होती. पायजमा पलंगाच्या काठावर बसूनच चढवायचा, कारण एका पायावर उभं राहणं गेलंच होतं. नवऱ्याच्या गाडीत आधी बसायचं आणि मग दोन्ही पाय जोडीनं आत घ्यायचे. खाली पडलेल्या चिंध्या पायानं बाजूला सारायची सवय सोडायची. चालताना पावलं इतकी लहान टाकायची की बघणाऱ्याला वाटावं, बाई कुठल्या घाईत नाही. कारखान्यात ती कापडाच्या लांबलचक टेबलाला मांडी टेकवून उभी राहायची आणि ते कामाच्या नादात आहे असं दिसेल याची काळजी घ्यायची.

सांगितलं कुणालाच नव्हतं. नवऱ्याला अर्धं सांगितलं होतं, दवाखान्यात तपासणीला गेल्यावर त्याहून कमी. थोडं अंग दुखतं, एवढंच ती म्हणाली, आणि थोडं अंग या दिवसांत दुखतंच, असं तिला उत्तर मिळालं. प्रश्न तसा, उत्तर तसं. पूर्ण सांगायला तोंड उघडलं की तिला गेल्या वर्षीची आठवण यायची. ते बाळ राहिलं नव्हतं. त्याबद्दल घरात कुणी वाईट बोललं नाही, पण चांगलंही कुणी बोललं नाही. विषयावर जणू अस्तर शिवून टाकलं होतं. या खेपेला तिनं मनाशी ठरवलं होतं की तक्रार करायची नाही. दुखतंय म्हटलं की काहीतरी बिघडलंय हे खरं ठरेल, आणि गप्प राहिलं की कदाचित ठरणार नाही, असा तिचा हिशोब होता. हा हिशोब वेडगळ आहे हे तिला कळत होतं, पण त्यानं तो सुटत नव्हता.

दुसरं कारण कात्रीचं होतं. सासऱ्यांचा हात थरथरायला लागल्यावर त्यांनी घरातली मोठी कात्री धाकट्या सुनेला दिली होती, आणि घरात सगळ्यांच्या भुवया वर गेल्या होत्या. पण मखमल कापावी तर तिनंच. मखमलीला लव असते, आणि ती सगळ्या पट्ट्यांत एकाच दिशेला वळलेली लागते. एक पट्टी उलटी लागली तर रंगमंचावरच्या उजेडात तेवढीच वेगळ्या रंगाची दिसते आणि सगळा पडदा वाया जातो. धाकटीला लव बोट फिरवल्याबरोबर कळायची. आज रविवारच्या जेवणाला सासऱ्यांनी सगळ्यांना बोलावलं होतं ते यासाठीच. शहरातल्या जुन्या नाट्यगृहाच्या नव्या पडद्याचं काम त्यांच्याकडे आलं होतं, आणि तो पडदा कोण कापणार ते ठरायचं होतं. थोरला गेले काही दिवस बाहेरचा कटर आणायचं म्हणत होता. सासूबाई त्याच्या बाजूनं होत्या. आत्या धाकटीच्या बाजूनं होती, मुख्यतः सासूबाई दुसऱ्या बाजूला होत्या म्हणून. धाकटीचा नवरा सगळ्यांचं ऐकून घेत होता. आणि थोरली, म्हणजे जाऊ, काहीच बोलली नव्हती, त्यामुळे ती आपल्या नवऱ्याच्या बाजूनं आहे असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

"किती वेळ?" खालच्या वळणावरून सासूबाईंचा आवाज आला, आणि मागोमाग त्या स्वतः दिसल्या. हातात वाढायचा डाव होता.

धाकटीनं येते म्हणून सांगितलं. ती आली नाही.

सासूबाईंनी नीट पाहिलं. सुनेचा चेहरा कागदासारखा झाला होता आणि कठड्यावरची बोटं पांढरी पडली होती. त्या दोन पायऱ्या वर आल्या आणि थांबल्या. तेवढ्यात वरून थोरला आणि थोरली उतरत आले आणि तेही थांबले, कारण जिना अरुंद होता आणि धाकटी मधोमध. खालून नवरा धावत आला. त्यानं काही विचारलं नाही, सरळ तिला उचलायला एक हात पाठीमागे आणि एक गुडघ्यांखाली घातला. गुडघे वेगळे झाले तशी धाकटीच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्या घरानं तिच्याकडून कधी ऐकला नव्हता. नवऱ्यानं हात काढून घेतले आणि ते कुठे ठेवावेत हे न सुचून तो तसाच उभा राहिला.

मग सगळे एकदम बोलायला लागले. थोरल्याचं म्हणणं पडलं की खुर्ची आणू, तिच्यावर बसवू आणि दोघं मिळून उचलू. नवरा म्हणाला खुर्ची या वळणावर वळणार नाही, त्यानं याच जिन्यावरून शिडी नेलेली आहे, त्याला माहीत आहे. सासूबाईंना तिला वर नेऊन निजवायचं होतं. तळमजल्यावरून आत्यानं ओरडून विचारलं की काय चाललंय, आणि उत्तराची वाट न बघता दवाखान्याची गाडी बोलवा म्हणून सांगितलं. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी आत्याचा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा होता. सासूबाईंनी खाली न बघताच तिला ऐकवलं की गाडी तुझ्या ओरडण्यानं येत नाही. आत्या म्हणाली की तुझ्या निजवण्यानं तरी काय होणार आहे. दोघी एका वळणाच्या दोन बाजूंनी, एकमेकींना न दिसता भांडत होत्या. सासरे आपल्या दारात येऊन उभे होते, चष्मा कपाळावर.

धाकटीला वाटलं, हे सगळे गेले तर बरं. मग लगेच वाटलं, कुणीही जाऊ नये.

"एवढं काय झालं गं पण," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढा होता, पण हातातला डाव त्या पुन्हा पुन्हा झग्याला पुसत होत्या. "सगळ्यांनाच जड जातं या दिवसांत. ही थोरली बघ. दोन्ही वेळेला शेवटच्या दिवसापर्यंत टेबलापाशी उभी होती. तागेच्या तागे पसरले तिनं. तोंडातून एक शब्द नाही."

ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली होती की तिला गुळगुळीतपणा आला होता. थोरलीची दोन्ही मुलं आता दूर शिकायला होती, पण गोष्ट घरातच राहिली होती. धाकटीनं ती लग्न ठरल्यापासून ऐकली होती, गेल्या वर्षी ऐकली होती, आणि या पाचव्या महिन्यापासून तर ती तिच्या कानात आपोआप वाजायची, टेबलाला मांडी टेकवताना, पायरी चढताना, कूस बदलताना. तिनं मान खाली घातली.

"आई," मागून थोरली म्हणाली, "मला काही दुखतच नव्हतं."

सासूबाईंनी वर पाहिलं.

"दुखत नव्हतं म्हणून उभी राहिले. त्यात माझी कसली कर्तबगारी? असं दुखलं असतं तर मी बसले असते, आणि घर डोक्यावर घेतलं असतं. माझं नाव घेऊन हिला काही सांगू नका. माझा आणि हिचा काही संबंध नाही यात."

थोरली हे रागानं बोलली नाही. पावाचा भाव सांगावा तशी बोलली. थोरला आपल्या बायकोकडे असा बघत होता जणू त्याला ती आज नव्यानं भेटत होती.

थोरलीनं तोवर फोन काढला होता. प्रसूतिगृहात कुणी उचलल्यावर तिनं काय झालंय ते थोडक्यात सांगितलं आणि फोन धाकटीच्या कानाशी धरला, कारण धाकटी कठडा सोडू शकत नव्हती. पलीकडच्या नर्सबाई शांत होत्या. त्यांनी एकेक विचारलं. रक्त जातंय का, पाणी गेलंय का, ताप आहे का. पोट दगडासारखं घट्ट होऊन सैल होतंय का, की हलल्यावरच दुखतं. पाय बधिर पडतात का, लघवीला होते का. सगळ्या घरादेखत, दिरासमोर, सासऱ्यांसमोर धाकटीनं उत्तरं दिली. नाही. नाही. नाही. हलल्यावरच. बधिर नाही. होते.

"बाळ हलतंय ना?"

धाकटी थांबली. जिन्यावरचे सगळेच थांबले. तिनं एक हात कठड्यावरून काढून पोटावर ठेवला, आणि सकाळपासून भीतीनं ज्याच्याकडे तिनं लक्षच दिलं नव्हतं तिकडे लक्ष दिलं. उजवीकडे, बरगडीखाली, एक टाच की कोपर, सावकाश सरकलं.

"हलतंय," ती म्हणाली.

नवऱ्यानं खिशात गाडीची किल्ली चाचपली.

नर्सबाईंनी सांगितलं की तुम्ही सांगताय त्यावरून अगदी आणीबाणीचं काही वाटत नाही, पण आजच येऊन दाखवा, घरी अंदाज करत बसू नका. आणि उभ्यानं उतरू नका. कठड्याला धरून बसा, गुडघे जुळवून ठेवा, आणि बसल्या बसल्या एकेक पायरी खाली सरका. लहान मुलं उतरतात तसं.

थोरलीनं पाठीमागून काखेत हात घालून तिला खाली बसवलं. ते जमलं. बसल्यावर कळ निम्म्यावर आली. पण मग धाकटीनं खाली पाहिलं, पायऱ्यांची ती रांग, आणि वळणावर उभे असलेले सासू-सासरे. कारखान्याची कात्री जिच्याकडे सोपवली होती ती बाई या सगळ्यांच्या समोरून ढुंगण घसटत खाली जाणार होती. तिच्या कानशिलांवर गरम वाफ आली.

"मी थोडी थांबते," ती म्हणाली.

थोरली तिच्या शेजारी पायरीवर बसली. अंगावर रविवारचा चांगला झगा होता, फिकट रंगाचा, आणि जिना काही फार स्वच्छ नव्हता. तिनं गुडघे जुळवले, दोन्ही हात बाजूला टेकले आणि एक पायरी खाली सरकली. मग मान वळवून वर पाहिलं.

"चल. एकटी गेले तर मला वेड लागलंय म्हणतील. दोघी गेलो तर म्हणतील यांची पद्धत आहे."

धाकटी सरकली. मग थोरली. मग पुन्हा धाकटी. खाली सासूबाईंना एकदम काहीतरी सुचलं. त्या आत गेल्या आणि कोचावरच्या गाद्या घेऊन आल्या. पुढच्या पायरीवर एक मांडायची, दोघी तिच्यावर आल्या की मागची काढायची आणि पुढे ठेवायची, असं त्या करायला लागल्या, उलट्या पावलांनी उतरत, धापा टाकत. वळणावर जागा होताच थोरला गाडी दारात लावायला म्हणून कडेकडेनं निसटला. त्या पुढे गेल्यावर सासऱ्यांनी वर चढून पडलेला मखमलीचा तुकडा उचलला, झटकला आणि सवयीनं लवेवरून हात फिरवला.

दोघी जावा शेजारी शेजारी उतरत असताना बाकीचे जरा पुढे-मागे झाले, आणि तेवढ्यात त्यांना बोलायला मिळालं. थोरलीनं हळू आवाजात विचारलं की कधीपासून आहे हे. धाकटीनं पाचव्यापासून म्हणून सांगितलं. नवऱ्याला माहीत आहे का, तर अर्धं. थोरली म्हणाली की सगळ्या अर्धंच सांगतात, आणि उरलेलं अर्धंच जास्त दुखतं.

मग ती आणखी एक पायरी सरकली आणि पुढे बघत म्हणाली, "बाहेरचा कटर आणायचं मीच सुचवलं होतं. यांचं डोकं नाही ते."

धाकटीचा हात गादीवर थांबला.

"तू टेबलाला टेकून उभी राहायचीस. उजव्या पायावर भार टाकत नव्हतीस. मला दिसत होतं. तुला सरळ विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, कात्री काढून घ्यायला आली. म्हणून यांच्या तोंडून वदवलं."

"मला तेच वाटलं होतं तरीही," धाकटी म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून तर गप्प बसले."

धाकटीला हसू आलं. हसल्यावर खाली दुखलं, म्हणून तिनं हसू आवरलं, आणि आवरताना ते जास्तच आलं. थोरलीही हसायला लागली. सासूबाईंनी गादी छातीशी धरून दोघींकडे पाहिलं आणि विचारलं की आता यात हसण्यासारखं काय आहे.

प्रसूतिगृहात आत एकालाच सोडत होते. नवरा गाडी लावायला जागा शोधत होता, त्यामुळे चाकाच्या खुर्चीमागून सासूबाईच आत गेल्या. डॉक्टरीणबाईंनी आधी बाळाचे ठोके ऐकवले. खोलीत ते भरभर, ठाम आवाजात वाजले, शिवणयंत्र चांगलं चालतं तेव्हा वाजतं तसे. धाकटीनं डोळे मिटून घेतले. सासूबाईंनी पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

मग डॉक्टरीणबाईंनी समोरच्या हाडावर, पाठीमागच्या खळग्यांजवळ बोटांनी दाबून पाहिलं, पडल्या पडल्या एकेक पाय जरासा उचलायला लावला, आणि प्रत्येक वेळी कुठे दुखतं ते तिलाच बोटानं दाखवायला सांगितलं. धाकटीनं आज सगळं सांगितलं. पायजमा, गाडी, कूस, कट्‌ वाजणं, टेबल. सांगताना आपलं आपल्यालाच आश्चर्य वाटलं, किती साठलं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हे ओटीपोटाच्या सांध्यांचं दुखणं आहे. पुष्कळ बायकांना होतं. गरोदरपणात हे सांधे सैल होतात, सगळीकडे सारखे हलत नाहीत, आणि आजूबाजूच्या स्नायूंवर ताण येतो. काहींना थोडं होतं, काहींना पाऊल टाकणं मुश्किल होतं. "तुमचं बरंच जास्त आहे," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही इतके दिवस उभ्यानं काढलंत?"

धाकटीला जे विचारायचं होतं ते वेगळंच होतं. विचारलं ते सासूबाईंनी.

"बाळाला काही?"

"यानं बाळाला काही होत नाही."

"आणि आम्ही हिला वर-खाली करायला लावलं, काम करायला लावलं. त्यानं काही बिघडलं का?"

"बाळाचं नाही बिघडलं. हिला त्रास झाला, एवढंच. तो आता कमी करू या."

सासूबाई मागच्या स्टुलावर बसल्या. त्यांनी एक लांब श्वास सोडला, गेल्या वर्षीपासून धरून ठेवल्यासारखा. धाकटीला तेव्हा कळलं की भीती त्या घरात तिच्या एकटीच्याच वाट्याला आली नव्हती. ती रडायला लागली. दुखण्याचं रडणं नव्हतं ते, म्हणून थांबवायचा प्रयत्नही तिनं केला नाही. डॉक्टरीणबाईंनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला. आधी सासूबाईंनी त्यातून एक ओढला.

नंतर व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपीच्या बाई आल्या. त्यांनी कमरेखाली बांधायचा रुंद पट्टा बसवून दाखवला आणि झोपताना गुडघ्यांमध्ये उशी ठेवायला सांगितली. कूस बदलताना गुडघे जुळवून सगळं अंग एकदम वळवायचं. कपडे बसून घालायचे ही सवय बरोबरच आहे. जड उचलायचं नाही, ढकलायचं नाही, तासन्‌तास उभं राहायचं नाही. जिना टाळता येत असेल तर टाळायचा, आणि फार वाईट दिवस असेल तर कुबड्या घ्यायच्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ओटीपोटाचे आणि पोटाचे हळू हळू करायचे व्यायाम त्यांनी करून घेतले आणि पुढच्या आठवड्यात परत बोलावलं. बाळंतपण नेहमीसारखं होऊ शकतं, फक्त त्या वेळी गुडघे किती लांब नेले की दुखतं ते आधी सगळ्यांना सांगून ठेवायचं. बहुतेकींचं हे बाळंतपणानंतर कमी होतं, त्या म्हणाल्या. उद्याच जाईल असं मात्र नाही, आणि तसं मी तुम्हाला सांगणारही नाही.

परत येईपर्यंत संध्याकाळ व्हायला आली होती. गाडीतून उतरताना धाकटीनं शिकवल्याप्रमाणे दोन्ही पाय जोडीनं बाहेर काढले. नवऱ्यानं तिला दंडाला न धरता नुसता हात पुढे केला, ती धरेल तेव्हा धरेल असा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

दारात आत्या उभी होती, आणि तिच्यामागे तिची पुस्तकं दोरीनं बांधून ठेवलेली होती. तिनं सगळं ठरवून टाकलं होतं. तळमजल्याची आपली खोली धाकटीला, आणि आपण पहिल्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावर म्हणजे सासूबाईंच्या राज्यात. नणंद-भावजयींचं खिडकी उघडी ठेवावी की बंद यावरून एकदा जे बिनसलं होतं, त्यानंतर त्यांचं बोलणं कामापुरत्याच्या पुढे कधी गेलं नव्हतं. थोरल्यानं घसा साफ करून दुसरा काही मार्ग काढता येईल का म्हणून बोलायला सुरुवात केली. थोरलीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तो पुस्तकं उचलायला गेला.

"खिडकी उघडी राहील," आत्या म्हणाली.

सासूबाईंनी जरा विचार केला. "अर्धी," त्या म्हणाल्या.

आत्यानं ते मान्य केलं. घरातल्या कुणालाही हे खरं वाटलं नाही, पण ऐकणारे इतके होते की नाकारताही येईना.

पडद्याचं सासऱ्यांनी कारखान्यात, दिवा लावून, उभ्या उभ्याच सांगितलं. ते मोजकं बोलायचे. बाहेरचा कटर येईल, कात्री तो चालवेल, तागे उचलायला आणि पसरायला थोरला आणि धाकटा आहेत. कुठे कापायचं, लव कुठल्या बाजूला, खडूची रेघ कुठे, ते धाकटी बसून सांगेल, तिच्यासाठी उंच पाठीची खुर्ची बघा. तिचं बाळंतपण होऊन ती उभी राहायला लागेपर्यंत असंच. तिच्या शब्दाशिवाय मखमलीला धार लागणार नाही. धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. थोरली छताकडे बघत होती, आपला काही संबंध नसल्यासारखी.

धाकटी वर जाणार नव्हती, म्हणून जेवणच खाली आलं. सूप पुन्हा गरम केलं, उकडलेले बटाटे, पाव, आणि जो जिथे बसेल तिथे बसला, कुणी ट्रंकेवर, कुणी आत्याच्या आता रिकाम्या झालेल्या फळीवर टेकून. सासऱ्यांनी ताटली गुडघ्यावर घेतली आणि सांडलीही. नवरा वरून त्यांच्या उश्या घेऊन आला होता, सगळ्याच्या सगळ्या. धाकटी पलंगावर पाय लांब करून बसली होती, नवा पट्टा कमरेखाली, आणि तिला सडकून भूक लागली होती.

सासूबाई वाढता वाढता तिच्यापाशी आल्या. त्यांनी तिच्या ताटलीत आणखी एक बटाटा ठेवला. मग लगेच पुढे गेल्या नाहीत.

"दुखतं का गं आता?" त्यांनी विचारलं.

धाकटीच्या तोंडावर नेहमीचं उत्तर आलं होतं. ते तिनं पावाच्या घासाबरोबर गिळलं.

"हो," ती म्हणाली. "दुखतंय."

सासूबाईंनी मान डोलावली, बाहेर गार झालंय म्हटल्यावर डोलवावी तशी. त्यांनी भांडं खाली ठेवलं, पलंगाच्या कडेवर बसल्या, आणि आपली ताटली तिथेच मागवून घेतली.